कोल्ह्याच्या शिकारीतला खुनी

मास्तर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. काल गावातल्या नव्या वाचनालयाचे चिटणीस घरी आले होते. निजामी परवा परवा संपली आणि मोकळ्या झालेल्या लोकांनी पहिली मागणी काय केली असेल, तर खुनाच्या कादंबऱ्यांची. उद्घाटनाला मी 'रहस्यकथा वाचण्याचा आनंद' या विषयावर बोलावं असा त्यांचा आग्रह. "तुमच्या मास्तरांच्या ओसरीवर त्या कोल्ह्याच्या शिकारीतल्या खुनाच्या गोष्टी व्हायच्या ना, त्या सांगा. लोकांना लय आवडतेत." लोकांना काय आवडतं ते मला चांगलं ठाऊक आहे. मी त्यांना चहा पाजला, हो म्हणालो, आणि ते गेल्यावर तुम्हाला हे पत्र लिहायला बसलो.

जुम्म्याची, शुक्रवारची सुट्टी, दुपारची वेळ. सिकंदराबादच्या छावणीतून रद्दीच्या भावात आलेलं इंग्रजी पुस्तक तुमच्या मांडीवर. तुम्ही एक परिच्छेद मनात वाचायचा, चष्म्यावरून आमच्याकडे बघायचं आणि मराठीत सांगायचं. श्रोते आम्ही तिघं पक्के: वकीलसाहेब, पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब आणि तहसिलीत नक्कलनवीस असलेला मी, तुमचा जुना विद्यार्थी, वय सत्तावीस. लाल कोट घातलेले चाळीस सरदार, साठ कुत्री आणि पुढं पळणारा एक कोल्हा. पहिल्याच दिवशी वकीलसाहेबांनी उलटतपासणी घेतली होती.

"कोल्हा खातेत का हो हे?"

"नाही."

"मग कातडं इकतेत?"

"नाही."

"मग काहून पळून राहिलेत त्याच्यामागं?"

तुम्ही म्हणालात, "शान असते, वकीलसाहेब." त्यावर अमीनसाहेब मांडीवर थाप मारून म्हणाले, "शान! वाहवा!"

तेव्हापासून आम्हाला त्या शिकारीची चटकच लागली. कधी घोड्यावर न बसलेले आम्ही खोगीर आवळण्यावरून वाद घालायला लागलो. कुंपणापलीकडे लाल कोटातलं प्रेत सापडलं की आमच्या अंगावर सुखाचा काटा यायचा. आता त्या सुखाची शिसारी येते. मेलेला माणूस साता समुद्रापलीकडचा होता, तो आमच्या दारात येऊन काही मागणार नव्हता, म्हणून ते सुख होतं.

त्या शेवटच्या कादंबरीत संशय कुत्री सांभाळणाऱ्या गड्यावर आला. गरीब होता, अडाणी होता, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला पकडून नेलं त्या शुक्रवारी अमीनसाहेबांचे डोळे भरून आले. "सबूत कुठाय? बगैर सबूत गरिबाला आत टाकता? ये कौनसा कायदा हुआ?" वकीलसाहेबांनी तर त्याचं वकीलपत्र फुकट घ्यायची तयारी दाखवली. आपल्या गावात इतका न्याय मी एका जागी कधी पाहिला नव्हता.

आता धुळवडीचा दिवस सांगतो. कयाधू नदीच्या काठी पारध्यांची चार पालं उतरली होती. त्यातल्या एकाशी माझी ओळख झाली होती. तुमच्या गोष्टी ऐकून मला शिकारीचं वेड लागलेलं, तेव्हा सुट्टी बघून भल्या सकाळी त्याच्यासोबत निघालो. लाल कोट नाही, घोडा नाही; तो, त्याचं एक कुत्रं, आणि खांद्यावर घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे. बाभळीच्या बनात एक खोकड अडकलेली सापडली. इंग्रजांच्या कोल्ह्याची आपल्याकडची धाकटी बहीण म्हणा. मी पुढं सरसावलो. त्यानं कुत्र्याला हाकललं, तिचं पोट चाचपलं, सड दुधानं भरलेले पाहिले आणि फास सोडून दिला.

"सोडली काहून?"

"लेकुरवाळी हाय, साहेब. आमच्यात न्हाई धरत. हिची लेकरं उपाशी मारून माझी जगतेन का?"

त्या दिवशी त्याला एकच तितर मिळाला. दुपार कलेपर्यंत मी त्याच्याबरोबर होतो.

त्याच सकाळी, घरदार रंग खेळायला गेलेलं असताना, वकीलसाहेबांची चांदीची अत्तरदाणी नाहीशी झाली. कादंबरीतला तपासनीस टापांचे ठसे मोजतो, राख चिमटीत धरून बघतो. आमच्या अमीनसाहेबांनी वकिलांच्या दारात उभ्या उभ्या एकच प्रश्न विचारला, "नदीकाठी पालं कुणाची पडलीत?" झाला तपास; संध्याकाळी माझ्या सोबतच्या त्या पारध्याला उचलून ठाण्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. दुपारी त्या पारध्याची बायको माझ्या दारात आली. उंबऱ्यापासून चार हात लांब उभी राहिली.

"साहेब, तुमी त्याच्यासंगं होता ना काल?"

"होतो."

"मग तेवढंच सांगा ठाण्यात. व्हय, होता, म्हणा. तुमचं ऐकतेत ते. आमचं कोण ऐकतंय? हाताची बोटं ठेचून राहिलेत त्याची."

मी म्हणालो, सांगतो. ती गेली, आणि मी तुमच्याकडे आलो. त्या दिवशी कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं.

पुढं काय झालं ते मी गेली चौदा वर्षं एकाच पद्धतीनं सांगत आलो आहे. मी मास्तरांना सगळं सांगितलं, आणि मास्तर म्हणाले, "आधी प्रकरण होऊ दे, अमीनसाहेबांचा मूड बिघडवू नकोस." ऐकणारे हळहळतात. इतका विद्वान माणूस, पण कचदिल, म्हणतात. मी मान हलवतो.

अमीनसाहेब आले, वकीलसाहेब आले. तुम्ही वाचलंत, पण त्या दिवशी तुमचा आवाज लागत नव्हता. खरा खुनी लाल कोटवाल्यांतलाच निघाला. कुत्री सांभाळणारा गडी सुटला तेव्हा अमीनसाहेबांनी टाळी वाजवली. "आखिर सच निकलताच! देर लागते, पण निकलता." मग ते उठून जोडे घालायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी सतरंजीची घडी घालत होतो. घडी नीट बसत नव्हती, म्हणून पुन्हा घातली.

अत्तरदाणी आठव्या दिवशी सापडली. पोरांच्या रंगात खराब होऊ नये म्हणून वकीलीणबाईंनीच ती ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली होती आणि विसरल्या होत्या. गावभर हसाहस झाली. पारध्याला सोडलं. उजव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली होती, आणि फाशाची गाठ बोटांनीच मारावी लागते. चार दिवसांनी पालं उठली. वकीलसाहेबांनी तुम्हाला विचारलं, नवी कादंबरी कधी? तुम्ही म्हणालात, आता डोळे साथ देत नाहीत. तुमचे डोळे शेवटपर्यंत उत्तम होते.

हे पत्र दुसऱ्या कुणाला असतं तर इथंच थांबलो असतो. पण तुम्हाला थाप कशी मारू? तुम्ही ओसरीवर होता. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत तुम्ही पुस्तक मिटलं होतं, टोपी घातली होती. "मग इथं काय करून राहिलास? चल ठाण्यात, मी येतो संगं," म्हणाला होतात. मीच म्हणालो, मास्तर, अमीनसाहेब इथंच येऊन राहिलेत, वाचन झालं की सांगतो, खुशीत असतील तर ऐकतील. साक्षीदार मी होतो, तुम्ही नव्हता, म्हणून तुम्ही माझ्यावर सोडलंत. मला त्यांच्या खुशीशी काही देणंघेणं नव्हतं. मला फक्त खुनी कोण ते ऐकायचं होतं.

भाषणाला मी जाणार आहे. तुमची तारीफ करीन, लोक टाळ्या वाजवतील. हे सगळं तिथं सांगण्याची माझी छाती नाही, हे लिहिता लिहिताच कळलं. त्या खुन्याचं नाव मला अजून आठवतं, आडनावासकट, इंग्रजी स्पेलिंगसकट. त्या पारध्याचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.