टाच खालच्या बाजूला

मी, चंदर रामा गांगुर्डे, वय ७६, शिक्षण सातवी, धंदा फोटोग्राफी (आता बंद), राहणार द्वारका, नाशिक, पूर्ण शुद्धीवर, कोणी सांगितले म्हणून नव्हे तर स्वतःच्या मनाने हे लिहितो. सकाळची गोळी घेतली आहे, हेही नोंदवतो.

१. राहते घर मुलगा दिनेश याला. गच्ची उत्तरेच्या कोपऱ्यात गळते, ते बघावे.

२. कॅमेरा मित्र शेखरला द्यायचा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. मला साक्षीदार हवा, म्हणून कॅमेरा मुलगी रोशनीला. शिवाय शेखर, "चंदर, चिखलाचे फोटो कोणाच्या भिंतीला लावणार?" हे तू म्हणालास, ते मी विसरलेलो नाही.

३. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. लग्नाच्या रोलमध्ये शेवटी दोन-तीन फोटो उरत. ते मी रविवारी गंगापूर धरणाच्या उघड्या पडलेल्या काठावर संपवायचो. गाळाच्या भेगा, खडकावरचे डाग, पाणी ओसरल्याच्या रेषा. कुठली भेग कुठे जाईल सांगता येत नाही, पण सगळ्या मिळून विणल्यासारख्या दिसतात. दिनेश म्हणतो, "बाबा, यात माणूसच नाही. भंगारात देऊन टाकू." मला याचीच धास्ती आहे. म्हणून हा निगेटिव्हचा डबा रोशनीने मी जाईन त्याच दिवशी वणीला आपल्या घरी न्यावा, पाहुणे जाण्याची वाट पाहू नये.

४. डब्यात लाल दोरा बांधलेली एक पट्टी आहे. १९९१ चा मे महिना. ओल्या गाळाचा एक तुकडा मी सुकेपर्यंत राखून ठेवला होता. माझी बायको यशोदा छत्री घेऊन अनवाणी त्यातच उतरली. मी ओरडलो, "सगळी नासाडी केलीस!"

"अहो, चिखल आहे तो, रांगोळी नाही."

पुढच्या रविवारी गाळ तडकला होता, पण भेगा तिच्या पावलाला वळसा घालून गेल्या होत्या. रोलमध्ये एकच फोटो उरला होता, तो काढला. इतका चांगला मला पुन्हा साधला नाही. तिला दाखवला नाही. दाखवला असता तर ओरडलो ते चुकले म्हणावे लागले असते. तिला जाऊन तीन वर्षे झाली.

रोशनी, हा मोठा करून घरात लाव. बाकीचे उलटे लागले तरी चालतील, त्यांना वर-खाली नाही. याला आहे. टाच खाली.

दोनदा वाचून सही केली.
चंदर रामा गांगुर्डे

आमच्यासमोर सही झाली:
१. शेखर पगारे
२. ज्ञानेश अहिरे

नाशिक, ९ मार्च २०२५