फ्लॅट त्याचा, कर्ज माझं

३ फेब्रु., मंगळ.
वकीलबाईंकडे घटस्फोटाची बैठक. अरुण आधीच हजर. इतकी वर्षं नवऱ्याला अहो-जाहो केलं. आता कागदावर 'अर्जदार क्र. २' आहे, तेवढा मान पुरे.
म्हणे माझ्या पीएफची एफडी ही 'आपली म्हातारपणाची पुंजी', सबब निम्मी त्याची. वाघोलीच्या फ्लॅटचं कर्ज मात्र निम्मं माझं.
"आणि भाडं? ते तर तुझ्या एकट्याच्या खात्यात जातं."
"विषयांतर नको."

९ फेब्रु., सोम.
कर्जाचे कागद काढले. पहिलं नाव माझं! बाईचं नाव पुढे असलं की व्याज कमी, म्हणून. कॉन्व्हेंटात सिस्टर्सनी आवाज न करता सूप प्यायला शिकवलं. कर्जाचे कागद अभ्यासक्रमात नव्हते.

१७ फेब्रु., मंगळ.
ठरलं एकदाचं. एफडी पूर्ण माझी. फ्लॅट आणि कर्ज त्याचं. कोथरूडचं घर माझ्या आईने मला दिलेलं, तरी विचारून पाहिलंच त्याने.
येताना आंबा बर्फी. हडपसरला लेकीला फोन. ऋता रडली. का, ते विचारलं नाही.

२४ फेब्रु., मंगळ.
बँकेत गेले, कर्जातून नाव काढायला. मॅनेजर अदबशीर.
"मॅडम, तडजोड तुमच्या दोघांतली. सरांनी हप्ते थकवले तर आम्ही तुमच्याकडेच येणार."
"घटस्फोट झाला तरी?"
"झाला तरी. तुमच्या जागी दुसरं कुणी कमावतं आणा."
दोन हप्ते आत्ताच थकलेत, हेही तिथेच कळलं. म्हणजे एफडी माझी, जोवर तो भरतोय तोवर. वकीलबाई म्हणतात, कडक अट घालू. अटीने हप्ते भरतात होय?

१ मार्च, रवि.
ऋता आली. पर्समध्ये पगाराच्या स्लिपा. बाबाने सुचवलंय, तिने माझ्या जागी सही करावी.
"आई, तू मोकळी होशील गं."
"आणि तू?"
"बाबा भरेल की."
"त्याला म्हणावं, फ्लॅट वीक."
"नाही म्हणतो. आत्ता भाव नाही."
मग न जेवता गेली. भरली वांगी तशीच.

४ मार्च, बुध.
सकाळी अरुणचा फोन. "उद्या अकराला बँकेत ऋताची सही. तूही ये, सुटका तुझीच आहे."
उपकार!
वकीलबाईंना विचारलं, फ्लॅट विकायला लावता येईल? येईल, पण दावा लावावा लागेल. मग संमतीचा घटस्फोट विसरायचा, वर्षं जातील. माझी किती उरलीत, ते त्यांनी शिष्टाचार म्हणून विचारलं नाही.
लावा म्हटलं.
ऋताला मेसेज: मी दावा लावतेय. उद्या सही करू नकोस.
तासाभराने उत्तर, "बघते."
हा शब्द तिच्या बापाचा. तो 'बघतो' म्हणाला की त्याचं ठरलेलं असायचं. तिचं काय, मला अजून माहीत नाही.