पेले पडलेच नाहीत

५ ऑगस्ट, लातूर
डोकं आजही ठणकून राहिलं. सकाळच्या बॅचला दोनशे पोरं, त्यात माईक बंद. बोंबलून घसा गेला. फळ्यावरचं मलाच पुसट दिसतंय. क्लासचे मालक, मोठे सर, म्हणाले, "चष्मा घ्या." एप्रिलात नांदेडला मुतखडा काढला तेव्हा रक्त लई गेलं होतं, तीन बाटल्या चढवल्या. तेव्हापासून अंगात जीवच नाही. तेच असेल.
सोमवारी हृदयाचा धडा संपवायचा.

७ ऑगस्ट
तोंड दाखवायला जागा राहिली नाही.
शिकवता शिकवता फळा हलला. फरशी सरकली. खडू टाकला अन् ओरडलो, "भूकंप! पळा!" पोरं एकमेकांच्या अंगावरून जिना उतरली. एक पोरगी पडली, गुडघा फुटला. दोनशे जण रस्त्यावर, अन् पानटपरीवाला विचारतोय, "काय झालं हो?"
काहीच झालं नव्हतं. टपरीवरची बाटलीसुद्धा हलली नव्हती.
मोठे सर पोरांदेखत म्हणाले, "सर, झोपेत शिकवता काय?" मी भांडलो. आईची शपथ घेतली.
तसाच घरी आलो. त्र्याण्णवच्या भूकंपापासून आईनं कपाटावर स्टीलचे सहा पेले एकावर एक रचून ठेवलेत, जरा हाललं की खणखणून पडतात. लातुरात कुणाच्या घरी नाहीत? सहाच्या सहा उभे.
आई म्हणाली, "मी हितंच गहू निवडत बसलेय. कायबी हाललं न्हाई."
मग हाललं काय?

८ ऑगस्ट
पोरीला टाके पडले होते. लाजेपोटी ड्रेसिंगला तिच्यासोबत गेलो. डॉक्टर तिचा गुडघा सोडून माझ्याकडंच बघायला लागले. "मास्तर, बसा जरा." दंडाला पट्टा बांधला. पारा बघितला. परत फुगवला. मग दुसरा हात.
२१०/१३०.
मी म्हणालो, मशीन बिघडलंय.
पोरगी हळूच म्हणाली, "सर, नॉर्मल १२०/८० ना?"
मीच शिकवलं तिला. मागच्याच आठवड्यात.

९ ऑगस्ट
सुन्न. काल डॉक्टरांनी जिभेखाली गोळी दिली, तासभर उठू दिलं नाही. म्हणे, "जिवंत कसे फिरून राहिलात तुम्ही?" हे काय बोलणं झालं! सव्वीस वर्षांचा आहे मी. बीपी म्हातार्‍यांना होतं. चार बॅचेसना फळ्यावर १२०/८० लिहून दिलं, स्वतःचं एकदाही नाही बघितलं. गाढव.
आईला नुसतं "चक्कर आली" सांगितलं. तिनं मीठलिंबू उतरून टाकलं.

११ ऑगस्ट, नांदेड
सोनोग्राफी झाली. मुतखड्याच्या ऑपरेशननंतर आत रक्त साठून गोठलंय, डावी किडनी त्याखाली दबली. दबली म्हणून ती बीपी चढवते. डॉ. म्हणाले, "होतं असं कधीकधी." कधीकधी! अहो, पोट माझं आहे.
परत उघडणार. गोठलेलं काढलं की किडनी वाचेल. नाहीतर तीच काढायची. किती शक्यता, विचारलं. "आत गेल्यावर कळेल."
मोठे सर येऊन गेले. सफरचंदं आणली. "तेव्हा बोललो ते..." म्हणत पिशवीची गाठ सोडत बसले. मलाच रडू आलं.

१४ ऑगस्ट
उद्या झेंडावंदनाची सुट्टी, म्हणून परवा सकाळी आठला ऑपरेशनला घेणार. गोळ्या देऊनही १७०. तारीख पुढं गेली तर मधे काही...
आईनं पेले लातूरहून पिशवीत आणलेत. खिडकीत रचले. नर्स हसली.
दुपारी पलंग हलला. डोळे मिटले, तरी हलतोय. घाबरून आईला विचारलं, "हाललं का गं?"
ही बाई लातुरात मांजरानं कपाटावरून उडी मारली तरी अंगणात पळायची. आज पायथ्याशी बसलेली. माझ्या तोंडाकडं बघितलं अन् म्हणाली, "हाव. जरासं हाललं. मलाबी कळलं."
खिडकीत सहाचे सहा पेले उभे.
म्हणालो, "मग पळ की बाहेर."
"तुला उठू देत न्हाईत. म्या एकलीच कुठं पळू?"
माझा पाय धरून बसलीय. अजून.