डोळ्यांसाठी तेराव्याची वाट पाहू नये

मी, येसाजी बाळाराम ठोंबरे, वय एकाहत्तर, पूर्वी सरकारी दवाखान्यात डोळे तपासायच्या नोकरीत व निवृत्तीनंतर स्वतःचे नेत्रतपासणी केंद्र चालवणारा, राहणार दहिवली, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. छातीचे दुखणे बळावले आहे, पण डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही कोणाला शंका असेल तर त्याने माझ्याशी पाच मिनिटे वाद घालून पाहावा.

हे मृत्युपत्र कपाटात ठेवण्यासाठी नाही. आमच्या आळीतल्या एका गुरुजींनी "माझे डोळे दान करावेत" असे सुवाच्य अक्षरात मृत्युपत्रात लिहिले आणि पाकीट कुलपात ठेवले. मुले आज्ञाधारक. त्यांनी रीतीप्रमाणे तेरावे उरकून मगच ते उघडले. तोवर गुरुजींची राख नदीत गेली होती. सगळे घर पुन्हा एकदा रडले. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, आणि घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय कोणी हात लावत नाही. म्हणून मी हे जिवंतपणीच, सगळ्यांना समोर बसवून वाचणार आहे.

१. राहते घर पत्नी इंदूबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे. तिला कोणी "आई, इकडे ये, तिकडे ये" करून फिरवू नये. तिच्यामागे मुलगा मनोज व मुलगी सुरभी यांना निम्मे-निम्मे. पुढची खोली मात्र माझ्यामागे लगेच सुरभीची, कारण केंद्र तिथे आहे आणि ते तीच चालवते. मनोजला ती शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची आहे. बाबा रे, पाहुण्यांना पळसदरीत खोल्या पुष्कळ आहेत. डोळ्यांत औषध घालून बसलेल्या म्हातारीने बसायचे कुठे?

२. बँकेतली ठेव इंदूबाईची. मोटारसायकल मनोजची, पण आधी ब्रेक दुरुस्त करून घे. मृत्युपत्राची अंमलबजावणीही मनोजनेच करावी. तो चिडका आहे, लबाड नाही.

३. नंबर काढायच्या काचांची पेटी, टॉर्च व भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता सुरभीला. बाजारात सगळ्या गावाला एकाच नंबरचे चष्मे विकणारा एक गृहस्थ पेटी मागायला येईल. त्याला चहा द्यावा, पेटी देऊ नये.

४. पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीत दर बुधवारी जाणे सुरभीने चालू ठेवावे. "त्यांनाच खाली बोलाव" म्हणणारे शहाणे भेटतील. खाली यायचे म्हणजे पेशंटची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. ऑपरेशन झालेल्या बाईला "चुलीपाशी बसू नका" सांगून उपयोग नाही. ती मान डोलावते आणि घरी जाऊन फुंकणी हातात घेते. म्हणून सुनेला सांगावे, तेही सासूच्या देखत. वाडीतली भागी पट्टी सोडल्यावर माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरं डाक्टर, तू तं म्हातारा हायस!" मी डॉक्टर नाही, हे तिला कधी पटले नाही. म्हातारा आहे, हे मला त्या दिवशी पटले.

५. आता मुख्य गोष्ट. माझे दोन्ही डोळे दान करावेत. मोतीबिंदू काढलेले डोळे चालतात का, असे विचारू नये. चालतात. श्वास थांबला की सुरभीने नेत्रपेढीला फोन करावा, पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी. खोपोलीची आमची भावकी यायची आहे म्हणून खोळंबू नये. चेहरा विद्रूप होत नाही, त्यांना मी तसाच दिसेन.

यात अडचण भावकीची नाही, इंदूची आहे. आयुष्यभर मी परक्यांच्या ओट्यावर, मयत घरात असताना, हात जोडून डोळे मागितले. त्यासाठी शिव्या खाल्ल्या. माझ्या घरात मात्र ती म्हणते, "डोळं काढलं तं पुढल्या जल्मी आंधळं याल." मी किती वेळा समजावले की डोळे चितेवर जळणारच आहेत. ती उठून आत निघून जाते, आणि तिचे उठून जाणे म्हणजे नकार. इंदू, तू नाही म्हणालीस तर माझ्या या सहीला काडीची किंमत नाही. मला मरणाची भीती वाटत नाही. ज्या ज्या दारात मी मागितले, त्या माणसांपुढे मी मेल्यावर खोटा ठरेन, याची वाटते. तुझ्यापुढेही हात जोडतो.

६. हे कलम मी कोरे सोडले आहे. वाचन झाल्यावर इंदूबाई जे सांगेल ते, नाही म्हणाली तरी, सुरभीने शब्दाला शब्द लिहावे.

(इंदूबाईंनी सांगितले, सुरभीने लिहिले.)

"लिव. माझं मत काय बदललं नाय. डोळं दिलं तं ह्ये पुढल्या जल्मी आंधळंच येनार, मला ठावं हाय. पन ह्यांनी लोकांच्या दारात हात जोडलं, तवा मीच घरात भाकरी झाकून वाट बगत बसायची. तं घ्या म्हनावं ह्यांचं डोळं, मी आडवी येनार नाय. माझं मातुर द्यायचं नाय, आत्ताच सांगते. मला इचारायला कुनी येऊ नका. दोगंबी आंधळी आलो तं ह्यांचा हात कोन धरील?"

कलम सहासह सर्व मजकूर सर्वांसमक्ष वाचला. मला मान्य आहे.

सही: येसाजी बाळाराम ठोंबरे
कलम सहापुरता अंगठा: इंदूबाई येसाजी ठोंबरे

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळायचे नाही:
१. नीलेश दत्तू घारे, शेजारी, दहिवली (सही)
२. पोशा वाघ्या पारधी, ठाकरवाडी (सही)

ठिकाण: दहिवली, तालुका कर्जत
दिनांक: १२ जानेवारी २०२५