मुरुमातला वाफा

नागपूर, ता. ४ जुलै १९७६

प्रिय प्रेमिला,

तुहं कार्ड तुह्या मायले मीच वाचून दाखवलं. भिलाईच्या क्वार्टरपुढं लांबट जागा आहे, दिवसभर ऊन, माती म्हणजे नुसता मुरूम, तर एकदा लावले की दरसाल येणारे फुलझाडं कोणते, हे शेजारच्या यमुताईले विचारून कळव, असं तू लिहिलं. शेवटी एक ओळ, बाबाले नमस्कार. यमुताईले काय विचारते वं? तिची शेवंती दोन टाइम पाणी पिते अन् सावलीत बसते. मुरुमातलं मले विचार. तुही माय हासली, म्हणे जल्मभर मिलमधे सूत पाह्यलं, या बुढ्याले फुलातलं काय कळते. हासू दे. मी चौथी शिकलेला माणूस, चुका निघतीन, समजून घेजो.

पह्यले गुलाब डोस्क्यातून काढ. मी दोन कलमं आणले होते. टोपलंभर शेणखत घातलं, आधाराले बांबूच्या कमच्या बांधल्या, लाड केले. पह्यल्याच साली एप्रिलमधे दोन्हीच्या काड्या झाल्या. सदाफुली लाव, पांढरी. ढोरं तिले तोंड लावत नाही, दुपारी मान टाकली तरी सकाळी उभी. पिवळी कोरांटी लाव, काट्यामुळं बकऱ्या दूर राह्यतात. गुलबक्षी लाव. ते उन्हाळ्यात वरून मरते, तू म्हणशीन गेली. उकरू नको. खाली तिचा गड्डा जित्ता राह्यते, पाणी पडलं की पुन्हा निघते. सब्बलनं हातभर खोल खण, मुरूम फोडून तोच परत भर, रोपं दूर दूर लाव. पह्यला महिना पाणी दे, मंग विसरून जा. जास्त कौतुक करशीन तर मरतीन.

अन् कण्हेर घरापुढं लावजो नको. तिचा चीक विषारी. तुही लहानी आता रांगत असन, जे दिसन ते तोंडात घालन. माह्या वाफ्यात कण्हेर आहे. तिथी तोंडात घालणारं कोणी नाही.

लहानीले आम्ही अजून पाह्यलं नाही. तुह्या मायनं शिवलेलं झबलं पेटीतच आहे, आता ते तिले आखूड झालं असन. तीन वर्षं झाले, तू नागपूरले आली नाही. जवाईबापूले सुट्टी भेटत नाही, असं मायले लिहिते. काहून येत नाही ते मले माहीत आहे. पह्यल्या बाळंतपणाले तू इथीच होती. नवव्या दिवशी पोरगं गेलं, नावबी ठेवलं नव्हतं. मी अन् गल्लीतला वामनराव त्याले धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेलो. एवढ्याशा जिवाले जाळत नाही, मातीत ठेवते. बायका मसनात जात नाही, अन् तू तर ओली बाळंतीण. सांजच्याले तू विचारलं, बाबा, कुठी ठेवलं. मी म्हणलं, ध्यानात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. मी डाफरलो, रडणं बंद कर अन् जेव. तू जेवली. मंग दीड महिन्यानं भिलाईले गेली, ते गेलीच.

मले माह्या मायनं सांगतलं होतं, लेकराच्या मायले जागा सांगू नाही, तिचा जीव तिथीच गुंतते अन् पुढचं लेकरू होत नाही. मी तेच धरून बसलो. तुले वाटलं, या माणसाले दगडाचं काळीज, जागाबी नीट पाह्यली नाही यानं.

पाह्यली होती. नाल्यापलीकडच्या मसनात, बोरीपासून उगवतीकडं अकरा पावलं. कुत्र्यानं उकरू नाही म्हणून वर दगड रचले, बाभळीच्या काट्या टाकल्या. महिन्यानं गेलो तं काट्या कोणी सरपणाले नेल्या होत्या. तवा कोरांटी लावली, काट्यासाठी, फुलासाठी नाही. मंग तिले फुलं आले. मंग बाकीचे आणले. रोज सकाळी पाण्याचा डबा भरून जात होतो, तुही माय समजे, बुढा फिराले जाते. यंदा होळीपासून गुडघ्यानं धरलं, चार महिने पाऊल टाकता आलं नाही. म्हणलं, सारं जळलं असन. परवा काठी घेऊन गेलो. तिथला राखणदार चंद्रभान म्हणे, महादेवराव, कोणी थेंबभर पाणी घातलं नाही. सदाफुली उभी होती. गुलबक्षीचे कोंब निघाले होते. त्याइले आता माही गरज नाही. पण वामनराव मागच्या साली गेला, चंद्रभानले नुसते झाडं माहीत, खाली कोण आहे ते माह्याशिवाय कोणाले माहीत नाही. म्हणून लिहून राह्यलो. तू ये. बायका जात नाही म्हणणाऱ्याइले मी पाहून घेईन. लहानीले मायजवळ ठेवू अन् आपण दोघं जाऊ. माहा गुडघा दुखते, हळू चालजो. तुह्या क्वार्टरसाठी गुलबक्षीचं बी पुडीत बांधून ठेवलं आहे, तिथलंच. टपालानं धाडत नाही. येऊन घेऊन जा.

तुहाच,
बाबा