मूळ प्रतीसकट

३ जानेवारी

मेलेल्या माणसाला कामाला जुंपलंय!

शेजारची मुलगी जिन्यात भेटली. म्हणाली, "काकू, आज काकांचा तास होता." मला वाटलं, पोरगी भ्रमली. तर नाही. ह्यांची गणिताची व्याख्यानं विद्यापीठाने वर्गातच चित्रित करून ठेवली होती. तीच आता पडद्यावर लावतात. ह्यांना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. जागा भरली नाही, पडदा टांगला! मला साधं विचारलंही नाही.

५ जानेवारी

विद्यापीठात जाऊन आले. हक्कांचं काम बघणारा एक टायवाला आहे. "मॅडम, सरांनी करार केलाय. व्याख्यानांचे सगळे हक्क विद्यापीठाकडे." सगळे? त्यांचं खाकरणंही तुमचंच का, विचारलं. हसला मेला! वर म्हणतो, "एकदा बघा तरी, छान झालंय." माझ्या माणसाचा खेळ मांडलाय, आणि मीच प्रेक्षक होऊन बसू? नाही बघितलं. बघणारही नाही.

६ जानेवारी

दिवसभर भांडी आपटली. उपयोग शून्य.

११ जानेवारी

आज तर कहरच. शेजारची मुलगी रडवेली होऊन आली. काकांनी शिकवलं तसंच परीक्षेत लिहिलं आणि गणित चुकलं. "काकाच चुकलेत हो काकू. वर्गात सगळे हसतात."

हे चुकले? तिची वही बघितली आणि डोक्यात तिडीक गेली. ह्यांची खोडच होती ती— फळ्यावर मुद्दाम एक पायरी चुकीची लिहायची आणि गप्प उभं राहायचं, कुणीतरी ओरडेपर्यंत. मग पुसून बरोबर लिहायचं. आज कुणी पकडलं ते जेवताना मला सांगायचे, स्वतःलाच बक्षीस मिळाल्यासारखे खूश! त्या दीडशहाण्यांनी ती शांतता, तो गोंधळ, ती दुरुस्ती— सगळं फापटपसारा म्हणून कापलं. चूक तेवढी जपून ठेवली. जन्मभर कमावलेल्या नावाला काळं फासलं.

१४ जानेवारी

धाकटे दीर वकील आहेत. म्हणाले, "वहिनी, दाखवायचा हक्क त्यांचा. पण मोडतोड करून दादाचं नाव घालवायचा नाही. त्यावर घरच्यांना बोलता येतं."

असं होय! आता बघतेच एकेकाला.

१९ जानेवारी

दिरांना बरोबर नेलं. टायवाल्याची बोबडी वळली. "मॅडम, चूक झाली. न कापलेली मूळ प्रत आहे आमच्याकडे. ती पूर्ण लावतो." मी म्हटलं, नको. तुमचा काडीचा भरवसा नाही. पुसा सगळं, मूळ प्रतीसकट! दीर हळूच म्हणाले, "वहिनी, जरा दमानं." दमानं कसलं? तसं लिहून घेतलं तेव्हाच खुर्चीवरून उठले.

२३ जानेवारी

टायवाल्याचा फोन. सगळं पुसलं. जिंकले!

२४ जानेवारी

शेजारची मुलगी आली होती. वर्गातली मुलं हळहळताहेत म्हणे. "तुमच्याकडे तर असेलच ना काकू, काकांचं बोलणं?"

असणारच, म्हटलं. ह्यांचा फोन चाळला. माझा चाळला. दिरांना विचारलं. फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही.

काय करून बसले मी!