छावणीतल्या माणसांची यादी

आबा,

माझे वडील निजामाच्या फौजेत होते असं मी कुणाला सांगितलं, की समोरच्याला वाटतं तुम्ही कमरेला तलवार लावून घोड्यावर बसत असाल. मी ते खोडून काढत नाही. खरं म्हणजे तुम्ही उभ्या आयुष्यात घोड्यावर बसला नाहीत. कुंभार पिंपळगावहून आलेला शेतकऱ्याचा पोरगा, घोड्याला तुम्ही थोडे भीतच होतात. पण जालन्याची सगळी छावणी तुमच्या हातावर चालायची. तुम्ही तिथले दारोगा. विहिरीवरचं इंजिन, नळ, घोड्यांचे हौद, गवताच्या गंज्या, दिवाबत्ती, शिपायांच्या बराकी, पागेमागे राहणाऱ्या नोकरमाणसांच्या खोल्या, ह्यातलं काहीही बिघडलं की माणूस तुमच्याकडे यायचा. अधिकारी हैदराबादेहून यायचे आणि दोन-तीन वर्षांत बदलून जायचे. तुम्ही मात्र तिथंच. सकाळी पागेतून एक चक्कर मारून आल्याशिवाय तुम्ही चहा घेत नसायचात, आणि आई चुलीपाशी चहा पुन्हा पुन्हा गरम करत बसायची.

सगळं उलटंपालटं झालं त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते. लग्न होऊन वर्षाच्या आतच मी माहेरी परत आल्ते, आणि लोक काय म्हणतील याचा विचार न करता तुम्ही मला मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊ दिलं होतं. त्या भादव्यात हिंदुस्थानची फौज निजामाच्या राज्यात शिरली. बातम्या उलटसुलट येत होत्या. एका सकाळी छावणीतले अधिकारी निघून गेले, शिपाई पांगले, आणि पुढचे तीन दिवस त्या एवढ्या मोठ्या जागेला कुणी धनी नव्हता. आई म्हणाली, दाराला कुलूप घाला, आपण गावाकडं जाऊ. जुन्या जालन्यातले तुमचे ओळखीचे व्यापारी येऊन तेच सांगून गेले. तुम्ही भाकरी खात होतात. खाली मान घालूनच म्हणालात, "धनी बदलला म्हणून जनावराची तहान बदलते का? पाणी बराबर चाललं पाहिजे." आणि उठून गेलात. त्या तीन दिवसांत इंजिन एकदाही बंद पडलं नाही. घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांच्या बायका भेदरून दारं लावून बसल्या होत्या. तुम्ही आपली खाट उचलून त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी टाकलीत आणि दिवसभर तिथंच बसून काम केलंत. तुमच्या हातात साधी काठीसुद्धा नव्हती. कुणी वाकड्या नजरेनं आत शिरायला लागला, की तुम्ही त्याला नाव, गाव, काम विचारायचात, कचेरीत विचारावं तसं. तो माघारी फिरायचा. हे मला पुढं त्यातल्याच एका बाईनं सांगितलं. तुम्ही घरी येऊन फक्त म्हणाला होतात की खाटेची सुतळी ढिली झाली.

मंग नवे मेजर आले. उत्तरेकडचे, उंच, कमी बोलणारे. माणूस वाईट नव्हता, त्यांच्या मागे घाई होती. त्यांची फौज ट्रकवर चालणारी. घोडे जाणार, पागा पाडून तिथं ट्रक उभे राहणार, आणि पागेमागच्या खोल्या शिपायांसाठी पंधरा दिवसांत रिकाम्या करायच्या, असा हुकूम. जुनी फौज मोडली म्हणजे तिची नोकरमाणसंही मोडीत निघाली, त्यांचं नाव आता कुठल्याच सरकारी कागदावर नव्हतं. घोडे नेले तो दिवस मला आठवतो. मोतद्दार त्यांना हाताशी धरून स्टेशनापर्यंत चालत गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतात. घोड्यांना भिणारा माणूस, पण प्रत्येक घोडा पुढून गेला की तुम्ही त्याचं नाव हळूच उच्चारत होतात.

तुम्ही मेजरांकडे गेलात आणि विचारलंत, ही माणसं पिढीजात इथं राहतात, ह्यांचं काय? त्यांनी सांगितलं, छावणीला ज्यांची गरज आहे तेवढी ठेवतो, कोण काय काम करतो याची इंग्रजीत यादी द्या. तुम्हाला उर्दू यायची, मोडी यायची, इंग्रजीचं अक्षर यायचं न्हाई. म्हणून ती यादी आपल्या स्वयंपाकघरात झाली. सामानाच्या एका खोक्याला तुम्ही मला पाय ठोकून दिले होते, शाळेच्या वह्या तपासायला. त्याच्यावर कागद, शेजारी आईची चूल, आणि तुम्ही पाटावर बसून एकेक नाव सांगताय, मी लिहिते आहे. नावं संपली, कामाचा रकाना उरला, तेव्हा माझा हात थांबला. मोतद्दाराच्या पुढं काय लिहायचं? घोडा तर गेला. तुम्ही जरा बाहेर गेलात तेवढ्यात मी झरझर लिहून काढलं. ह्याला माळी केला, त्याला चौकीदार, तिसऱ्याला दवाखान्याचा नोकर, सगळ्यांना वीस-वीस वर्षांची नोकरी. मला वाटलं, तुम्ही खूष व्हाल.

तुम्ही परत आल्यावर मी ते मोठ्या हौसेनं वाचून दाखवलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, कागद माझ्या हातातून घेतलात आणि चुलीत घातलात. आई दचकली. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "खरं लिहिलं तर ही माणसं उघड्यावर पडतील. तुमचा खरेपणा त्यांच्या काय कामाचा?"

तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "माय, साहेबानं एकाला बोलावून विचारलं, झाड कसं छाटतोस, अन् त्याला सांगता आलं न्हाई, तर? एक खोटा निघाला की सगळे खोटे. मंग माझ्या शब्दानं कुणालाच वाचवता येणार न्हाई." त्या दिवशी मी तुमच्याशी बोललेच नाही.

दुसऱ्या दिवशी इंजिन चालवणारा मिस्त्री आपल्या दारात आला. तुमचा जुना सोबती, हैदराबादेत शिकलेला. तो म्हणाला, ह्या छावणीतल्या नळांच्या चाव्या माझ्याशिवाय कुणाला ठाऊक न्हाईत, दोन दिवस इंजिन बिघडलं म्हणून सांगतो, मेजर स्वतः हात जोडत येतील. मला ते एकदम पटलं. तुम्ही म्हणालात, "आपून त्यांना आपली गरज दावून द्यायची, अडचण न्हाई. पाणी चालू ठेव." तो चिडून गेला, पण पाणी चालू राहिलं.

त्यानंतर आठवडाभर तुम्ही काय केलंत ते मला आजही थक्क करतं. तुम्ही घरोघर गेलात आणि एकच प्रश्न विचारलात, घोडा सोडून तुझ्या हाताला काय येतं? लोकांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं. एक म्हातारा मोतद्दार म्हणाला, मला काहीच येत न्हाई, मी जन्मभर खोगिरं शिवली. तुम्ही त्याला ट्रकांच्या रांगेत नेलंत, फाटलेल्या ताडपत्र्या दाखवल्यात, आणि म्हणालात, हे शिवून दाखव. त्याची जाड सुई ताडपत्रीतून अशी जात होती की दोन ड्रायव्हर बघत उभे राहिले. घोड्याचा पाय मुरगळला तर बसवणारा एक होता, शिपाई त्याच्याकडे आपले घोटे चोळून घ्यायला येऊ लागले. नाल ठोकणारा लोहार ट्रकच्या पत्र्याचे पोचे काढायला लागला. एकाचंही काम तुम्ही बनवलं नाहीत, जे होतं ते उजेडात आणलंत. मी नवी यादी लिहायला बसले तेव्हा माझा राग अर्धा उतरला होता. अर्धाच.

यादी तुम्हाला वाचून दाखवताना मी एक नाव गाळलं. एका वारलेल्या मोतद्दाराची विधवा आई होती, मागं कुणी राहिलं नव्हतं, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. कामाच्या रकान्यात तिचं काहीच बसत नव्हतं म्हणून तुम्ही तिला यादीत घेतलं नव्हतं, तिला आपल्या घरी आणून ठेवू म्हणाला होतात. मी गुपचूप तिचं नाव यादीत घातलं आणि पुढं लिहिलं, भटारखान्याचं धान्य निवडते.

रविवारी सकाळी मेजर यादी घेऊन फिरायला निघाले आणि तुम्ही मलाही सोबत घेतलंत, म्हणालात, तू लिहिलंस, तू चल. खोलीखोलीपुढं थांबत, प्रत्येकाचं काम बघत आम्ही निघालो. तुम्ही दोन वाक्यांत सांगायचात, पुढं तो माणूस आपल्या हातानं सांगायचा. मेजरांची पेन्सिल खुणा करत चालली होती. मंग त्यांनी त्या विधवा म्हातारीचं नाव वाचलं आणि काम वाचलं. तुम्ही मागं वळून माझ्याकडं एकदा पाहिलंत.

तुम्ही मेजरांना म्हणालात, "साहेब, हे काम तिनं अजून सुरू केलेलं न्हाई. करू शकते का, मलाही ठाऊक न्हाई. आपून आत्ताच बघू."

आणि स्वतः भटारखान्यात जाऊन सुपात तुरीची डाळ घेऊन आलात. म्हातारीपुढं बसलात, तिच्या भाषेत तिला म्हणालात, अम्मा, इसमें के कंकर निकालो. तिनं सूप मांडीवर घेतलं. बोटं डाळीतून हळूहळू फिरवायला लागली. आम्ही सगळे बघत उभे. मला वाटलं, आता सगळं संपलं, एक खोटा निघाला की सगळे खोटे. तिनं एक खडा काढला, जमिनीवर ठेवला. मंग दुसरा. मंग असा बारीक, की मेजर वाकून बघायला लागले. म्हातारी कुणाकडं न बघता म्हणाली, "आँखां गए तो क्या हुआ बाबा, उंगल्यां तो हैं."

मेजरांनी खूण केली आणि पुढं चालू लागले.

सगळे राहिले नाहीत, आबा, तुम्हाला ते शेवटपर्यंत खुपलं. पाच-सहा घरांना जावं लागलं, त्यांना तुम्ही स्टेशनावर सोडायला गेलात आणि परत आल्यावर दोन दिवस धड जेवला नाहीत. पण बाकीची गल्ली राहिली. ती म्हातारी मरेपर्यंत भटारखान्याचं धान्य निवडत होती, शिपाई तिला अम्माच म्हणायचे. मेजरांनी तुम्हालाही ठेवून घेतलं. जाताना त्यांनी पुढच्या साहेबांना सांगितलं होतं म्हणे, की इथं काही अडलं तर दारोगाला विचारा, तो जे सांगेल ते तपासायची गरज नाही. असं माझ्याबद्दल आजवर कुणी बोललेलं नाही. शाळेत इतकी वर्षं शिकवलं, मुख्याध्यापक झाले, कुणाला कामावरून काढायची वेळ आली की मी तुमचा तो प्रश्न विचारायचे, तुझ्या हाताला अजून काय येतं? निम्म्या वेळेला तरी त्याला उत्तर निघालं.

हे पत्र मी कुठं पाठवणार, आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं असतं का, कोण जाणे. कारण त्या रविवारी घरी आल्यावर पाय धुताना तुम्ही मला विचारलं होतं, अम्माचं नाव वाचायचं चुकून राहिलं का? मी म्हणाले, चुकून. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा कधी विषय काढला नाहीत. चुकून राहिलं नव्हतं, आबा. त्या म्हातारीची कणव होती, ते खरंच. पण यादी चुलीत घातल्याचा राग होता, आणि साहेबासमोर तुम्हाला एकदा तरी माझ्यासारखं खोटं बोलावं लागावं, अशी माझी इच्छा होती.